दहावं माणूस

शुक्रवारचा सूर्य खाली गेला तरी पेणच्या ज्यू लोकांच्या प्रार्थनालयात, गावाच्या तोंडी इस्रायलांच्या मशिदीत, माणसं नऊच. दहावा डोलवीला कंपनीत, त्याची शिफ्ट ऐन वेळी बदललेली. दहा डोकी भरल्याशिवाय गेलेल्या माणसाच्या नावाने कद्दीशची प्रार्थना म्हणत नाहीत, ही वाडवडिलांची रीत. आणि निसीमच्या वडिलांना जाऊन आज वर्ष होत होतं.

निसीम मशिदीचा मुकादम, म्हणजे कारभार बघणारा. ओस पडत चाललेली ही वास्तू पुन्हा नांदती व्हावी म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. भिंतींना रंग काढला, पंखे बसवले, रोह्याच्या लोकांना घरी जाऊन, हातापाया पडून आणलं. शेवटी बायकांनाही दहात धरायचं, हे त्याने गेल्याच महिन्यात सगळ्यांच्या गळी उतरवलं. शलोमकाका तेवढे अजून गाल फुगवून होते.

त्याने वरच्या, बायकांच्या सज्ज्याकडे पाहिलं. तिथे लीयामावशी एकट्याच.

"मावशी, खाली या. आजपासून तुम्हाला दहात धरायचं हाय."

"मला?"

"व्हय."

मावशी कठडा धरून सावकाश उतरू लागल्या. त्यांचे यजमान जेकबकाका गेले तेव्हाही खाली नऊच जमले होते. 'एक कमी हाय, नाय म्हणता येत,' असं सांगून पुस्तक मिटलं ते निसीमनेच. काकांचा कद्दीश राहिला तो राहिलाच. मावशींनी त्यावरून कधी चकार शब्द काढला नाही, की एक शुक्रवार चुकवला नाही.

शलोमकाकांनी मान फिरवली, पण बाकावर सरकून जागा केली. मावशी पदर सारखा करून बसल्या.

"मावशी, आज जेकबकाकांचंपण नाव घेऊ," निसीम हळूच म्हणाला.

"घे की. बरं वाटंल त्यांना."

आवाजात राग नव्हता. चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने पुस्तक उघडलं.

मावशी मात्र वळून वर, सज्ज्यातल्या आपल्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"निसीम, तवा मी तिथंच बसले होते ना रे?" त्या म्हणाल्या. "म्हंजे तवापण आपण दहाच होतो."