दहा वर्षं जुना धंदा

"चंदूच्या गिरणीला कुलूप लागलं पायजे, ताई. बाकी मला काय नको," हेमराज खुर्ची ओढत म्हणाला.

पुष्पाने अर्जाचं पान उघडलं. खोडाळ्याच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणारं तिचं दुकान दोन वर्षांचं होतं; ती मूळची कुठली, कोणाची, हे हेमराजने कधी विचारलं नव्हतं. चंदूची नवी भातगिरणी तर चारच महिन्यांची, पण हेमराजच्या गिरणीची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. वर चंदू येताजाता त्याच्याकडे बघून हसायचा. ते हसणं हेमराजला फार झोंबलं होतं. अनुदानातून मोठं यंत्र आणायचं, नागली दळायचीही सोय करायची आणि चंदूला बाजारातून उठवायचं, हे त्याचं पक्कं ठरलं होतं.

"योजना आहे," पुष्पा म्हणाली. "पण धंदा दहा वर्षं जुना लागतो. तुमचा परवाना सहा वर्षांचा आहे."

"गिरणी चौदा वर्षं चालवतोय मी! अख्ख्या खोडाळ्याला ठाव हाय."

"खोडाळ्याला ठाऊक असून काय उपयोग? कागद लागतो."

जुना कागद एकही नव्हता. कर नको, कटकट नको, म्हणून सुरुवातीला त्याने काहीच स्वतःच्या नावावर घेतलं नव्हतं. तेव्हाचा तो शहाणपणा आता अंगाशी आला होता.

"मग प्रतिज्ञापत्र करा," पुष्पाने सुचवलं. "गिरणी पहिल्यापासून माझीच, असं लिहून द्यायचं. सोबत परवान्याआधीच्या एका कामगाराचं नाव."

हेमराज विचारात पडला. जुन्या कामगारांपैकी नितीनचं नाव दिलं तर तो उद्या हक्क सांगत दारात येऊन बसेल. मग त्याचा चेहरा उजळला.

"माघ्याचं टाक. तो काय मागायला येणार नाय."

"का?"

"मेला ना तो. सात वर्षं झाली. गिरणीच्या पट्ट्यात सापडला."

पुष्पाची बोटं थांबली नाहीत. तिने माघ्याचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. हेमराज मोबाइलवर नव्या यंत्रांचे फोटो बघत होता.

"काय काम होतं त्याचं?"

"गिरणी चालवायचा. मी सांगेन तेवढा वेळ."

"पट्ट्याला जाळी होती?"

"जाळी कसली? हे पण विचारतात काय?"

"यंत्राची सगळी माहिती द्यावी लागते."

"नव्हती. लिव नव्हती म्हणून. नवं यंत्र कशाला पायजे ते तरी कळंल सायबाला."

तेव्हा पोलिसांपुढे त्याने वेगळंच सांगितलं होतं. गिरणी माघ्याचीच, माझा तिच्याशी काही संबंध नाही. ते त्याला क्षणभर आठवलं. पण ती फाईल पोलिसांकडे पडलेली आणि ही जाणार पालघरला. दोन फाईली एकत्र लावून वाचायला कोण रिकामं बसलंय? तो निश्चिंत झाला.

दुसऱ्या दिवशी जव्हारला जाऊन त्याने हे सगळं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र नोटरी करून आणलं. पानापानावर सही होती. पुष्पाने त्याच्या दोन प्रती पुढे ठेवल्या, त्यांवरही त्याने सह्या ठोकल्या.

"दोन कशाला?"

"एक अर्जाला. एक माझ्याकडे राहते."

तिने अर्ज चोख भरला. त्यात एकही चूक ठेवली नाही. अर्जाचा नंबर मोबाइलवर येताच हेमराज तडक चंदूच्या गिरणीसमोर गेला आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "आता कसा हसतो तेच बघतो!"

पुष्पाने शटर ओढलं आणि मोखाड्याची गाडी पकडली.

पोलीस ठाण्यात हवालदाराने प्रतिज्ञापत्र वाचलं. मग जुनी फाईल काढून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. शेवटी त्याने कोरा कागद पुढे ओढला, तिचं नाव आणि पत्ता लिहून घेतला.

"मयताशी नातं?"

"बायको," पुष्पा म्हणाली.