राजीवचा नन्नाचा पाढा

राजीव काठी बर्फात खुपसून पुन्हा थांबला, तेव्हा राधिकानं सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला.

"झालं! भागूबाईंना साक्षात्कार झाला."

रुचा आणि सिद्धेश खिदळले. हे नवरा-बायको यंदाच ग्रुपमध्ये आलेले, त्यामुळे राधिका म्हणेल ती पूर्व दिशा. चौघंही डेन्व्हरमध्ये आयटीत. तिथल्या गर्दीच्या स्की-रिसॉर्टना कंटाळून ते शनिवारी मोकळ्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढायचे आणि स्कीवरून खाली यायचे. इथे ना कुंपण, ना रखवालदार. डोंगरावरचा बर्फ सुटला तर एकमेकांना उकरून काढायला फक्त आपण.

म्हणून एक नियम होता. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी सगळ्यांनी मागे फिरायचं आणि कारण विचारायचं नाही. हा नियम राधिकानंच आणला होता. टोमणे मारायचे नाहीत, असं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

आणि 'नाही' म्हणायचा तो फक्त राजीव. वारा सुटला, नाही. ऊन चढलं, नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फातलं काय कळतं, असं राधिका तोंडावर म्हणायची. त्याच्या त्या किनऱ्या आवाजाचा तिला मनापासून तिटकारा होता. एवढा थोराड गडी आणि एवढा शेळपट! त्यानं 'नाही' म्हटलं, की ती डोळे फिरवायची आणि सगळ्यांत आधी स्की वळवायची. मग परतीच्या वाटेवर गाडीत त्याची सालटी काढायची.

आज सकाळी सिद्धेशनं गाडीत हिमस्खलनाचं बुलेटिन वाचून दाखवलं. "धोका कन्सिडरेबल आहे यार, पाचपैकी तिसरी पायरी. वाऱ्यानं बर्फ साठलेल्या उतारांपासून लांब राहा म्हणतात." राधिकानं ते पहाटेच वाचलं होतं, तरी तिनं जांभई दिली.

अर्ध्या चढावर पायांखाली धप्प आवाज झाला. बर्फ बसला आणि स्कीच्या टोकापासून एक भेग सरसर पुढे पळाली. बर्फ सुटण्याची ती खूण चौघांनीही पाहिली.

"बसतो कधीकधी," सिद्धेश हसून म्हणाला. दुसरं कुणी हसलं नाही.

आता ते माथ्यावर उभे होते. खाली सरळ, पांढराशुभ्र उतार होता, आणि वाऱ्यानं रात्रभर त्यावरच बर्फ आणून टाकला होता.

"बोला भागूबाई," राधिका म्हणाली. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मागच्या शनिवारीपण चहा पिऊन घरी गेलो तुझ्यापायी. बायकोला सांगतोस तरी काय रे? डोंगर लांबून बघून आलो?"

राजीव नेहमी कसनुसा हसायचा. आज तो हसला नाही. त्यानं गॉगल काढला, शांतपणे पुसला आणि पुन्हा चढवला.

"काय झालं? नन्नाचा पाढा विसरलास?"

"आज मी काही म्हणणार नाही," राजीव म्हणाला. "चार वर्षं ऐकून घेतोय. माझे कान किटले, राधिका. जायचं तर जाऊ या."

"येस!" सिद्धेश ओरडला. "एकेकानं उतरायचं ना? आधी कोण?"

"अर्थात राधिकाताई," रुचा म्हणाली.

राधिकानं राजीवकडे पाहिलं. "बघ हं. अजून विचार कर. नंतर म्हणशील, आम्ही जबरदस्ती केली."

"नाही म्हणणार."

"तुला उतार नीट वाटतोय?"

"तुला वाटतोय ना? मग झालं."

'नाही' हा एक शब्द कुणालाही उच्चारता आला असता. तिलाही. पण तिघं तिच्याकडे बघत होते आणि सिद्धेशनं व्हिडिओसाठी फोनही काढला होता. राधिकानं बुटाचा घट्ट असलेलाच पट्टा पुन्हा घट्ट केला, "मीच आधी," म्हणाली आणि कडेपर्यंत सरकली.

चार हिवाळ्यांत, राजीव येणार नसेल त्या शनिवारी, तिनं एकदाही डोंगराकडे गाडी वळवली नव्हती.