चिरायची नाही

"मधोमध चिर आणि मोकळा हो एकदाचा!" व्हर्ना वीस वर्षं नवऱ्याला टोमणे मारत होती. पण अक्रोडाच्या हातभर रुंद फळ्या चिरायला आर्विडचं मन धजेना, आणि त्या अखंड तासायला तेवढ्या रुंदीचं रंधा मशीन परवडेना.

त्याच गावातला डेलमर वारला. त्याच्या बायकोनं गॅरेजमधलं सामान विकायला काढलं, तेव्हा तसलंच मशीन आर्विडला कवडीमोलानं मिळालं. पण आता म्हातारपणी मशीन चालवण्याजोगे त्याचे हात उरले नव्हते.

"नवंकोरं आहे हो," ती म्हणाली. "एकदाही चालवलं नाही. म्हणायचा, यावर अरुंद लाकूड काय घालायचं? रुंद फळी मिळू दे आधी!"



वीस वर्षं दर रविवारी आर्विड आणि डेलमर चर्चमध्ये एकाच बाकावर बसायचे, आणि बोलायचे ते फक्त बर्फाबद्दल.