ठेवायची पेटी

“हा पोलीस ठेवायचा,” अक्का म्हणाली आणि नाक तुटलेला मातीचा पोलीस तिनं लहान पेटीत आडवा घातला.

वेदवतीनं कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं.

वेदवतीच्या नवऱ्याची, रघूत्तमची, मद्रासला बदली झाली होती. शहराचं नाव नुकतंच चेन्नै झालं होतं, पण ह्या तंजावरी मराठी घरात मद्रासच चाले. तिथं मिळालेलं घर दोन खोल्यांचं, तेही तिसऱ्या मजल्यावर. कुंभकोणमच्या ह्या भाड्याच्या घरात मात्र कोलूच्या बाहुल्यांनी अख्खा माळा अडवलेला. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि दरसाल एक तरी नवी आणायचीच, असा रिवाज. जुनी काढायचा रिवाज कुणी घालून दिला नव्हता. शेवटी रघूत्तमनं फर्मान काढलं, मद्रासला बाहुल्यांची एकच पेटी जाईल, बाकीच्या कुणाला तरी द्या.

निवड अक्कानं करायची. अक्का म्हणजे वेंकटलक्ष्मी, वेदवतीची थोरली जाऊ. नवरा रेल्वेत होता. तो वारल्यापासून त्याच्या पेन्शनीवर ती धाकट्या दिराच्या घरी राहत होती. बहुतेक बाहुल्या तिनंच जमवलेल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या की विधवा म्हणून ती आतच प्रसादाच्या सुंडलाचे हरभरे परतत बसे, पण मांडणीत शब्द तिचाच.

पेट्या दोन होत्या. लहान ठेवायची, मोठी द्यायची.

पन्रुटीहून आणलेला दशावतार अजून दहाच्या दहा शाबूत होता. अक्कानं एकेक अवतार जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि मोठ्या पेटीत ठेवला.

“अय्यो! अक्का, दशावतार देऊन टाकता? आणि हा नकटा ठेवता?”

“नाक गेलं तर काय जालं? उभा राहतो की बेस.”

मग चेट्टियार दुकानदार निघाला. त्याची जोडीची बायको, चेट्टिच्ची, कधीच फुटली होती, तो एकटाच समोर डाळ-तांदूळ मांडून बसलेला. लहान पेटीत. मान डोलावणारी नवी कोरी नर्तकी मोठ्या पेटीत. त्यानंतर पद्मनाभचे प्लॅस्टिकचे योद्धे आले. वेदवतीचा हा मुलगा आता कोइमतूरला कॉलेजात होता, पण त्याचे हे हातपाय वळणारे तलवारबहाद्दर अजून दरसाल कोलूच्या खालच्या पायरीवर मांडलेल्या बागेची राखण करत. अक्कानं धडधाकट होते ते सगळे मोठ्या पेटीत टाकले आणि एक हात नसलेला तेवढा निवडून लहान पेटीत ठेवला.

“तो कशाला?”

“त्याचा हात कुत्र्यानं नेला तेव्हा पद्मनाभ जेवेना. माज्या हातानं जेवला.”

वेदवतीचं डोकं फिरलं. तुटकी बाहुली कोलूत मांडत नाहीत, हे तिला लग्न होऊन आल्यावर अक्कानंच शिकवलं होतं. मद्रासच्या पहिल्याच नवरात्रात नव्या शेजारणी येणार आणि त्यांना दाखवायचं काय, तर हे इस्पितळ?

“मोठी पेटी देणार कुणाला?”

“आहे एक बाई.”

“कोण?”

“तू ओळखतेस. हात चांगला आहे तिचा, नीट मांडते. तोंड मात्र फार.”

म्हणजे शेजारची अलमेलू, दुसरी कोण! गल्लीत तिच्याएवढं तोंड कुणाचं नव्हतं. आयत्या दशावतारापुढं बसून अलमेलू मिरवणार, ह्या विचारानंच वेदवतीला ठसका लागला. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. रघूत्तम कॉफी घेत होता.

“तुम्ही सांगा त्यांना काही.”

“वैनीच्या बाहुल्या आहेत. मी काय सांगू?”

“आणि वैनी तिथं झोपणार कुठं, ह्याचा विचार केला? पुढच्या खोलीत झोपल्या, तर आल्यागेल्यानं बसायचं कुठं?”

“हळू बोल.”

“हळू कशाला? खोटं आहे का?”

बाहेर बाहुल्यांभोवती कागद चुरगळल्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

वेदवती परत आली तेव्हा अक्का एका लक्ष्मीला गुंडाळत होती. पहिल्या नवरात्रात वेदवतीनं माहेराहून आणलेली लक्ष्मी. ती मोठ्या पेटीत गेली.

“माझी आहे ती! मी आणलेली!”

“म्हणूनच तिंगड ठेवलों, त्या पेटीत.”

आता हद्द झाली होती. इतक्या वर्षांचा जाच वेदवतीच्या तोंडून बाहेर पडला. “द्या! अस्की, सगळीच द्या तिला! आणि तुम्हीही जा तिच्याकडेच राहायला!”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. अक्कानं मात्र राग धरला नाही. पेटीत एका कोपऱ्यात पोकळी राहिली होती, तिथं तिनं पेंढा दाबून भरला.

“नको ग,” ती म्हणाली. “तिचं घर लहान आहे.”

दुपारी टेंपो आला. कपाट, पलंग, भांडी चढली. रघूत्तमनं टेंपोवाल्याला लहान पेटी दाखवली, तर अक्का मधे आली. ती नव्हे, थोरली उचल, सांभाळून, असं तिनं त्याला तमिळमध्ये बजावलं.

“वैनी, ती तर द्यायची ना?”

“दिली की.” अक्कानं हनुवटीनं वेदवतीकडे दाखवलं.

टेंपोवाल्यानं मोठी पेटी उचलून आत सरकवली.

“मग ही?” रघूत्तमनं विचारलं.

“ही ठेवायची.” अक्का लहान पेटीवर बसली. “घरमालकाशी बोलणं जालंय. मागची खोली तो मज देतोय.”