सूर्यफुलांचा रंग
हर्षलची नजर महिन्यागणिक मंदावत होती. जळगाव जामोदला घरी बसून तो कंपनीचं काम करायचा, पण टर्मिनलवरची, म्हणजे कमांड टाकायच्या काळ्या खिडकीतली, फिकट अक्षरं त्याला दिसेनाशी झाली आणि काम थांबलं होतं. वॉलपेपरच्या फोटोतले रंग उचलून अक्षरं रंगवणारं टूल असतं, हे त्यानंच बायकोला सांगितलं. प्रेरणानं त्याला सांगून वावरातल्या सूर्यफुलांचा फोटो लावला आणि तो सांगेल तशी कमांड टाकली. इन्स्टॉल अर्ध्यातच अडकलं. ती तसं सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हाव, आता साफ दिसून राह्यलं. पिवळंधम्मक." तिनं पुन्हा स्क्रीन पाहिली. अक्षरं तशीच फिकट होती. "काऊन, रंग चांगला नाही का?" त्यानं विचारलं. "चांगला आहे ना," ती म्हणाली. "मंग सायबाले फोन लाव. सांगतो, उद्यापासून काम सुरू." तिनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली.