राजाचं पोट

आष्ट्याच्या जत्रेतल्या नाटकाचा पहिला अंक संपला, तरी राजाचं एक वाक्य चौथ्या रांगेपलीकडं गेलं नव्हतं. मागून लोक ओरडत होते, "राजा मुका हाय काय रं?"

राजा झालेला सयाजी आत येऊन मटकन ट्रंकेवर बसला. राजाला ढेरी शोभत नाही म्हणून त्यानं सहा हात शेला पोटाला करकचून आवळला होता. श्वास पुरत नव्हता, डोळे भरून आले होते.

"मी न्हाई जात आता भाईर."

विंगेतून वाक्यं पुरवणारा नाथाजी फौजेच्या इस्पितळात तीन वर्षं चाकरी करून आलेला. त्यानं शेल्याखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"गड्या, छातीच्या खाली, आतल्या अंगाला एक पडदा असतुया. वारं आत घेतलं की त्यो खाली सरकतो, पोट फुडं येतं. मग त्यो वर रेटतो, तवा आवाज भाईर पडतो. तू त्येलाच बांधून घातलाईस. सोड त्यो शेला."

"आन ढेरी?"

"दिसू दे. राजा ऐकू तर यील."

शेला सुटला. दुसऱ्या अंकात सयाजीनं पोटभर श्वास घेतला आणि प्रधानाला हाक मारली, तसे पार मागचे, गाड्यांना बांधलेले बैल उठून उभे राहिले. ढेरीला कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या. सयाजीला चेव आला. तलवार फिरवत तो गर्जत राहिला आणि शेवटी बाण लागून धाडकन पडला.

राजा मेला. धाप मात्र मरेना. पोट वर जाई, खाली येई.

राणी झालेला कृष्णात धावत आला. पोट झाकायला त्यानं त्यावर डोकं टेकवलं, तर मुकुटासकट डोकंच वरखाली व्हायला लागलं.

"दम धर की रं," तो पदराआडून कुजबुजला.

सयाजीनं दम धरला आणि मग दुप्पट सोडला.

लोक हसून लोळले. कृष्णातनं तरी हंबरडा फोडला आणि कुंकू पुसायला कपाळाकडं हात नेला.

"पुसू नगंस गं बाई!"

बायकांतून म्हातारी बयाबाई उठली होती. तिचा एकुलता लेक ब्रह्मदेशच्या लढाईवर. चार महिने त्याचा कागद आला नव्हता.

"पोट हलतंय त्येचं. जित्ता हाय त्यो!"

हसणं थांबलं. नाथाजीनं विंगेतून दोनदा राणीचं पुढचं वाक्य सांगितलं. राणीनं हात खाली घेतला, राजाच्या उशाशी मांडी घातली आणि ती पदरानं त्याला वारा घालायला लागली.