सोलरचं दुखणं

सोलरच्या मेकॅनिकला या घराने अगदी रडकुंडीला आणलं होतं. तो आला की गच्चीवरचे पॅनेल झकास वीज द्यायचे आणि त्याची पाठ वळली की ढिम्म.

"हे बिघडलेलं लोढणं माझ्याच गळ्यात बांधायचं होतं का?" घरमालक आज फोनवर चांगलाच करवादला. "आता जमलं नाही तर सगळं उचलून घेऊन जा!"

मेकॅनिक धावतपळत आला. घरमालकाच्या आईने नेहमीसारखी सोफ्यावरची चादर काढून त्याला बसवलं, हातात चहा दिला आणि "आलेच हं" म्हणून आत गेली. कप रिकामा होईतो परतली, जराशी धापा टाकत. मग तो वर गेला. वायरी तपासल्या, स्क्रू आवळले. वीज तर धो धो येत होती! घरमालकापुढे हात जोडून तो निघाला.

कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं, पक्कड वरच राहिली. तो उलट पावली फिरला, जिना चढला आणि गच्चीच्या दारातच थबकला. आई सगळ्या पॅनेलवर फुलाफुलांचं, झालर लावलेलं कव्हर ओढून नाडी घट्ट बांधत होती.

"काकू, हे काय करताय?"

"अगंबाई, परत आलात?" ती ओशाळून भराभर नाडी सोडू लागली. "एवढी महागाची वस्तू, रोज उन्हात ठेवली तर रंग नाही का उडणार? पाहुणे आले की काढते ना मी!"